जॅग्वारच्या दोन पिढ्या एका फळीवर : ई-टाइप आणि एफ-टाइप मॉडेलांचे परीक्षण

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पंप आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह यांच्या ओतकामासाठी लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरून ओतण्याचा साचा उठवतात ते नमुने, करण्यात माझी एकतीस वर्षे गेली. त्यामुळे कोणतीही वस्तू हातात आली की तिचा रंग दिसण्याआधी तिची पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेषा) कुठून गेली आहे, ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठीचा उतार) किती दिला आहे आणि कोपऱ्यांना पुरेसा फिलेट (गोलावा) आहे का, याकडे माझे लक्ष जाते. दिवाळीच्या सुमारास बेळगावच्या कॅम्प भागातील एका दुकानातून मी जॅग्वार या ब्रिटिश कंपनीच्या दोन स्पोर्ट्स कारची १:१८ प्रमाणातील डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेली, मॉडेले घेतली. एक १९६१ सालच्या ई-टाइप कूपेचे (पक्क्या छपराच्या गाडीचे) आहे आणि दुसरे एफ-टाइप कूपेचे, म्हणजे २०१३ साली विक्रीला आलेल्या मालिकेतले. दोन्ही मिळून साडेनऊ हजार रुपये पडले आणि दोन्ही एकाच उत्पादकाची असल्यामुळे दोन उत्पादकांच्या पद्धतींतला फरक मध्ये न येता आकारांची तुलना करता आली.

जुन्या स्पोर्ट्स कार अधिक देखण्या की नव्या, हा वाद आमच्या शॉपमध्ये, म्हणजे पॅटर्नच्या कारखान्यात, डबा खाण्याच्या वेळेला अनेकदा निघतो आणि तो मोबाइलवरच्या फोटोंच्या आधाराने चालतो. फोटोवर माझा विश्वास नाही. कॅमेऱ्याचे भिंग कोणते आणि तो किती उंचीवर धरला यावर गाडीचे नाक लांब की आखूड हे ठरते. मॉडेल हातात फिरवता येते, खिडकीच्या उजेडात तिरके धरता येते आणि मुख्य म्हणजे व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या हत्याराने, मोजता येते. म्हणून या परीक्षणाची सुरुवात मी मापांपासूनच करतो.

लांबीला दोन्ही मॉडेले जवळजवळ सारखी भरली, ई-टाइप २४७ मिलिमीटर आणि एफ-टाइप २४८. खऱ्या गाड्यांची लांबी अनुक्रमे ४.४५ आणि ४.४७ मीटर आहे, तेव्हा उत्पादकाने प्रमाण चोख पाळले आहे. रुंदीला मात्र ई-टाइप ९२ मिलिमीटर आणि एफ-टाइप १०७. हा दीड सेंटिमीटरचा फरक खऱ्या गाडीत सव्वीस सेंटिमीटरहून अधिक होतो. उंचीतही पाच मिलिमीटरची वाढ आहे. म्हणजे बावन्न वर्षांत लांबी जागच्या जागी राहिली आणि गाडी दोन्ही बाजूंना आणि वर फुगली. नवी गाडी दांडगी आणि जुनी सडपातळ का वाटते, याचे निम्मे उत्तर मला या आकड्यांत मिळाले. रेषा, दिवे, जाळी या सगळ्या नंतरच्या गोष्टी झाल्या.

आता ई-टाइपविषयी सविस्तर लिहितो, कारण हे मॉडेल मी जितक्या वेळा हातात घेतले तितक्या वेळा मला त्यात काही नवे दिसले.

या गाडीचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला. ते मूळचे विमान उद्योगातले, ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीतून जॅग्वारमध्ये आलेले, आणि स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घेणे त्यांना आवडत नसे. त्यांच्या वक्ररेषा गणिताने काढलेल्या असत. आमच्या पॅटर्नच्या कामात पूर्वी पंपाच्या व्होल्यूट केसिंगसाठी, म्हणजे शंखासारख्या वळत जाणाऱ्या कवचासाठी, अशीच पद्धत होती. ठरावीक अंतरावरच्या प्रत्येक छेदाचे बिंदू आकड्यांत दिलेले असत, त्यावरून पत्र्याची टेम्प्लेट कापायची आणि दोन टेम्प्लेटांमधले लाकूड गोल पटाशीने आणि कानशीने असे उतरवायचे की तळहात फिरवताना कुठेही अडता कामा नये. ई-टाइपच्या बॉनेटवरून बोट फिरवले की मला तोच अनुभव येतो. पुढच्या लहानशा अंडाकृती तोंडापासून सुरू झालेला उंचवटा दिव्यांवरून, चाकाच्या कमानीवरून आणि दरवाजावरून थेट मागच्या टोकापर्यंत जातो आणि वाटेत तो कुठेही थांबत नाही. मॉडेल ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरवले तर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब एका अखंड पट्टीसारखे नाकापासून शेपटीपर्यंत सरकते. पृष्ठभाग नीट उतरला आहे की नाही हे पाहण्याची याहून कडक परीक्षा आमच्या धंद्यात नाही.

बॉनेटच्या मध्यावर जो लांबट फुगवटा आहे तो मला सर्वांत आवडतो, कारण तो शोभेसाठी काढलेला नाही. खाली जॅग्वारचे ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे उभे इंजिन आहे आणि त्याच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) असल्यामुळे ते उंच आहे. संपूर्ण बॉनेट त्या उंचीला नेले असते तर गाडीचे नाक जाड झाले असते. म्हणून जिथे इंजिन आहे तिथेच पत्रा वर उचलला आणि बाकीचा खाली ठेवला. आमच्याकडे व्हॉल्व्ह बॉडीवर जिथे बोल्ट येतो तिथेच बॉस, म्हणजे जाड उंचवटा, देतात, पूर्ण भिंत जाड करत नाहीत, त्यातलाच हा प्रकार आहे. बाजूच्या पंखांचा, म्हणजे चाकांवरच्या भागांचा, पत्रा मधल्या भागाला जिथे जोडला आहे, तिथे खऱ्या गाडीत क्रोमची बारीक पट्टी बसवलेली असते. सांधा झाकायचा होता, पण सांधा आहे हे लपवायचे नव्हते. मॉडेलमध्येही ती पट्टी आहे आणि ती रंगाने न काढता वेगळी बसवली आहे, हे उत्पादकाचे कौतुक करण्याजोगे काम आहे.

बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडते आणि दोन्ही पंख, दिवे, तोंड असा सगळा पुढचा भाग एकत्र उचलला जातो. माझ्या लहानपणी टिळकवाडीत एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती आणि तिचाही पुढचा भाग असाच पंखांसह उलटा उघडत असे. गाडी उघडी असली की आम्ही मुले शाळेच्या वाटेवर हमखास थांबत असू, कारण इंजिन, चाके आणि सस्पेन्शन सर्व एका नजरेत दिसत असे. हेराल्ड मूळची ट्रायम्फची, तिचे रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचे आणि आपल्याकडे ती मद्रासला तयार होत असे. ती स्पोर्ट्स कार नव्हती. पण गाडीचा आकार म्हणजे आतल्या यंत्रावर बेताने घातलेला अंगरखा, ही कल्पना माझ्या मनात तिच्यामुळे बसली, आणि ई-टाइपचे बॉनेट उघडताना मला प्रत्येक वेळी ती आठवते.

मॉडेलचे दोषही सांगायला हवेत. बॉनेटवरच्या हवा जाण्याच्या खाचा रंगाने भरून गेल्या आहेत. जस्ताच्या मिश्रधातूत, म्हणजे झमॅकमध्ये, इतक्या बारीक खाचा ओतता येतात. चूक डायची, म्हणजे ओतण्याच्या साच्याची, नाही, रंगाचा थर जाड झाला आहे. डाव्या पंखाखाली पार्टिंग लाइनची धार पूर्ण घासलेली नाही, नख लावले की कळते. तारांची चाके प्लॅस्टिकची असून तारा खऱ्या प्रमाणापेक्षा जाड आहेत. त्यामुळे जे चाक हलके दिसायला हवे ते रहाटाच्या चाकासारखे दिसते आणि गाडीच्या रूपाला याने सर्वांत जास्त बाधा येते. दिव्यांवरची पारदर्शक झाकणे मात्र उत्तम बसली आहेत. खऱ्या गाडीत ही काचेची झाकणे अमेरिकेच्या नियमांमुळे पुढे काढावी लागली. १९६७ च्या सुमारास दिवे उघडे पडले आणि १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत तोंडही मोठे झाले. पहिली मालिका निवडून उत्पादकाने योग्य केले आहे.

एफ-टाइपकडे वळताना मी मनात थोडा पूर्वग्रह बाळगून होतो, हे मान्य करतो. दोन वर्षांपूर्वी चोर्ला घाटाकडे जाताना जांबोटीजवळच्या चहाच्या टपरीपाशी एक लाल एफ-टाइप उभी असलेली मी पाहिली होती. रस्त्याच्या कडेला ती फार रुंद आणि रागीट वाटली होती. आता मॉडेल महिनाभर हाताळल्यावर माझे मत पुष्कळ बदलले आहे.

हिचे रूप इयन कॅलम यांच्या नेतृत्वाखाली ठरले. त्यांच्यापुढच्या अटी सेयर यांच्यापुढे नव्हत्या. युरोपात २००५ पासून पादचाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम नव्या गाड्यांना लागू झाले. गाडीची धडक बसून माणूस बॉनेटवर आदळला तर त्याच्या डोक्याखाली पत्रा दबायला जागा हवी, लगेच इंजिन लागता कामा नये. त्यासाठी बॉनेट उंच ठेवावे लागते किंवा धडकेच्या क्षणी ते वर उचलणारी यंत्रणा द्यावी लागते. बाजूने धडक बसली तर आतला माणूस वाचावा म्हणून दरवाजे जाड होतात, गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून खांब रुंद होतात. ब्रेकच्या तबकड्या मोठ्या झाल्या की रिंग मोठी होते. मोजून पाहिले तेव्हा दोन्ही मॉडेलांच्या टायरचा बाहेरचा व्यास फारसा वेगळा निघाला नाही, ३७ आणि ३८ मिलिमीटर. पण ई-टाइपची रिंग २१ मिलिमीटरची आहे आणि एफ-टाइपची २८, म्हणजे १५ इंच आणि २० इंच. रबराची जागा धातूने घेतली आहे. नव्या गाड्यांची चाके प्रचंड वाटतात ती यामुळे.

एका बाबतीत एफ-टाइप ई-टाइपपेक्षा सरस आहे आणि ती म्हणजे तिची उभे राहण्याची ढब. ई-टाइपची चाके अंगाच्या आत ओढलेली आहेत. मागून पाहिले तर रुंद अंगाखाली अरुंद पाय दिसतात आणि मागचा भाग चाकांच्या मागे बराच लोंबतो. एफ-टाइपची चाके अंगाच्या कडेला आली आहेत आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर मॉडेलमध्ये दहा मिलिमीटरने वाढले आहे. मागच्या चाकावरचा खांदा तर मी पुन्हा पुन्हा पाहिला. छप्पर मागे उतरत निमुळते होते आणि त्याच वेळी चाकावरचा पत्रा बाहेर येतो, अगदी बसलेल्या जनावराच्या मांडीसारखा. इंजिनाची ओढ मागच्या चाकांवर असलेल्या गाडीचा जोर जिथे आहे तिथेच तो दिसतो. हा भाग ई-टाइपच्या बॉनेटवरच्या फुगवट्याइतकाच प्रामाणिक आहे. मागचे दिवेही बारीक पट्टीचे असून पट्टीच्या टोकाला गोलाकार भाग येतो, आणि जुन्या घराण्याची ही आठवण त्यांनी नक्कल न करता ठेवली आहे.

पुढच्या भागाविषयी माझे मत इतके चांगले नाही. मधले मोठे चौकोनी तोंड, त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन फटी, त्यावर उभे तिरके दिवे आणि दिव्यांच्या टोकापासून बॉनेटवर निघालेली कड, एवढ्या गोष्टी एका हातभर जागेत आहेत. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब येथे चार ठिकाणी तुटते. पत्र्यावर कड मारली की तो ताठ होतो हे मला मान्य आहे आणि आजच्या प्रेसमध्ये धारदार कड मारणे शक्यही झाले आहे. पण शक्य आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी मारावी असे नाही. ओतकामात फिलेट न देता कोपरा धारदार ठेवला तर तिथेच तडा जातो, असे आम्ही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. गाडीच्या पत्र्याला तडा जात नाही, परंतु पाहणाऱ्याची नजर तिथे अडते. २०२० च्या आवृत्तीत दिवे आडवे आणि बारीक केले. त्याने पुढचा भाग शांत झाला, पण आधीच्या दिव्यांमुळे असलेली ओळखही काहीशी गेली.

आमच्या शॉपमध्ये कॉम्प्युटरवर पॅटर्नची थ्रीडी मॉडेले करणारा पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे, खानापूर तालुक्यातला. त्याने दोन्ही गाड्या हातात घेऊन पाहिल्या. जुनीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काका, ही तळ्यातल्या माशासारखी दिसूलालीय की, पण एवढ्याशा तोंडातून रेडिएटरला वारं किती मिळणार?" त्याचा मुद्दा बरोबर होता. दुसऱ्या मालिकेत तोंड मोठे झाले ते गार ठेवण्याच्या गरजेपोटीच. शिवाय तो अखंड गुळगुळीत आकार हवा कापतो खरा, पण जोरात वेग घेतल्यावर पुढचा भाग उचलला जाण्याची प्रवृत्ती ई-टाइपमध्ये होती. एफ-टाइपच्या मागे वेग वाढल्यावर आपोआप वर येणारी पट्टी असते आणि गाडी उभी असताना ती अंगात मिटून जाते, म्हणजे गरज भागते आणि आकारही बिघडत नाही. त्या तरुणाचे म्हणणे होते की फटी आणि कडा या आजच्या गाडीच्या कामाच्या वस्तू आहेत, नुसत्या दागिन्याच्या नाहीत. मी त्याला एवढेच विचारले की यांतल्या किती फटींतून खरोखर हवा आत जाते. आजकाल अनेक उत्पादकांच्या गाड्यांवर, स्वस्त आणि महाग दोन्हींवर, हवेच्या फटीसारखी दिसणारी आणि मागे बंद असलेली काळी प्लॅस्टिकची जाळी असते. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. जिथे काम नाही तिथे कामाचा देखावा करणे हे मला जुन्या गाड्यांच्या क्रोमच्या अतिरेकापेक्षाही अधिक खटकते. यावर आमचे एकमत झाले. बाकीचा वाद दुसऱ्या दिवशीच्या डब्यापर्यंत लांबला.

नवेपणा आणि जुने वळण यांचा मेळ घालता येतो की नाही, असे कोणी विचारले तर मी पोर्शच्या ९११ कडे बोट दाखवीन. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्श यांनी आखलेली ती गाडी १९६३ साली फ्रँकफर्टला प्रथम दाखवली गेली. तेव्हा तिची रुंदी १.६१ मीटर होती, आजच्या ९९२ पिढीची १.८५ मीटर आहे. म्हणजे तीसुद्धा एफ-टाइपसारखीच फुगली आहे. तरीही दुरून छपराची उतरती रेषा आणि पुढचे उभे गोल दिवे पाहिले की गाडी ओळखू येते. १९९७ च्या सुमारास आलेल्या ९९६ पिढीत गोल दिवे सोडून वितळल्यासारख्या आकाराचे दिवे दिले होते, ते चाहत्यांना रुचले नाहीत आणि २००४ च्या ९९७ मध्ये गोल दिवे परत आले. जॅग्वारने हा मार्ग धरला नाही. ई-टाइप १९७० च्या दशकाच्या मध्यावर थांबली आणि एफ-टाइप येईपर्यंत चार दशके गेली. तेवढ्या खंडानंतर आलेल्या गाडीकडून आजोबांच्या चेहऱ्याची अपेक्षा धरणे मला आता अन्यायाचे वाटते.

एफ-टाइपच्या मॉडेलची घडण ई-टाइपपेक्षा उजवी आहे. दरवाजांच्या फटी सर्वत्र सारख्या आहेत, रंगाखाली धातूचा ओघळ दिसत नाही, चाकांमागे ब्रेकची तबकडी आणि तिला दाबणारा कॅलिपर वेगळे बसवले आहेत आणि पुढची चाके वळवली की स्टिअरिंगही वळते. आतले काम मात्र एकसुरी काळे आहे. ई-टाइपच्या डॅशबोर्डवरील ओळीने लावलेली मीटरे आणि स्विचेस भिंगाखाली वाचता येतात, तशी मेहनत येथे घेतलेली नाही.

दुकानाविषयी थोडे. एफ-टाइपचा उजवा आरसा पहिल्या खोक्यात तुटलेला निघाला. दुकानदारांनी तक्रार न करता दुसरे खोके मागवून दिले, त्याला अकरा दिवस लागले. त्यांनी दोन्ही गाड्या काउंटरवर काढून मला हव्या तितक्या वेळ पाहू दिल्या, मध्येच आलेल्या कन्नड ग्राहकाशी बोलून पुन्हा माझ्याशी मराठीत त्याच उत्साहाने बोलत राहिले. खोके दुकानातच उघडून आरसे, वायपर आणि बॉनेटची बिजागरी तपासून घ्यावी, एवढे मी घेणाऱ्यांना सुचवतो.

दोन्हींपैकी एकच घ्यायचे असेल तर मी ई-टाइप घ्यायला सांगेन, रंगाचे आणि तारांचे दोष जमेस धरूनही. मूळ गाडीचा आकार इतका पक्का आहे की अठरा पट लहान होऊनही त्यातले काही हरवलेले नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ साली आपल्या संग्रहात एक ई-टाइप घेतली, ती का घेतली हे मला हे मॉडेल हाताळल्यावर अधिक कळले. एफ-टाइप लहान झाल्यावर तिच्या कडा आणि फटी दाटीवाटीच्या वाटतात, तिला खरी रुंदी आणि खरा रस्ता लागतो. मात्र ज्यांच्या घरात डिझाइन शिकणारे मूल आहे, त्यांनी शक्य असल्यास दोन्ही घ्यावीत आणि शेजारी शेजारी ठेवावीत. छपराची उंची, खांबांची जाडी आणि चाकांची जागा यांतला फरक पुस्तकातल्या चित्रांतून इतका स्पष्ट समजणार नाही.

माझ्या दोन्ही गाड्या शॉपच्या ऑफिसात सागवानी फळीवर आहेत. मऊ प्लॅस्टिकचे टायर पॉलिश केलेल्या लाकडाला महिन्याभरात चिकटतात आणि काळे डाग पाडतात, हे मला ई-टाइप उचलताना कळले. तेव्हापासून दोन्हींच्या खाली काचेचा तुकडा ठेवला आहे.